नेमलेल्या कुस्तीचे पाठभेद

ही कथा नंदुरबार जिल्ह्यात सध्या चार पाठांत प्रचलित आहे.

नंदुरबारच्या बाजारपेठेतल्या पाठात मी लंगोट लावून आखाड्यात उतरतो. माझी देहयष्टी पाहिलेल्या कोणालाही हा पाठ प्रक्षिप्त आहे हे सांगावे लागत नाही. शहाद्याच्या पाठात गावकरी मला खांद्यावर उचलतात. ते सत्कारासाठी की वेशीबाहेर नेऊन ठेवण्यासाठी, याविषयी कथनकारांत एकमत नाही. लोणखेड्याच्या महाविद्यालयातले माझे जुने सहकारी जो पाठ सांगतात, त्यात माझ्या तोंडी अशी काही वाक्ये आहेत की ती येथे देता येत नाहीत. चौथा पाठ आमच्या सौभाग्यवतींचा. तो सर्वांत संक्षिप्त आहे: “मी म्हणत होते, जाऊ नका.”

फजिती माझी, आणि आवृत्त्या मात्र लोकांनी काढायच्या! हे कुठवर चालू द्यायचे? म्हणून म्हटले, चहा होईपर्यंत मूळ संहिता एकदाची तुमच्यासमोर ठेवावी.

तर त्याचे असे झाले. गेल्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन महिने घरी बसणे आले. समोरचे कापड दुकानदार कांतीशेठ रोज दुपारी विचारपूस करायला येत. त्यांचे घराणे मूळचे राजस्थानचे; पण चार पिढ्यांनंतर मारवाडी आता लग्नपत्रिकेपुरती उरली आहे. एरवी हा माणूस झोपेतही अहिराणीच बरळत असावा.

“सर,” ते एक दिवस म्हणाले, “पुस्तकं वाची वाची तुम्हनं डोकं पिकी गयं. आते हाई देखा.”

आणि त्यांनी आमच्या टीव्हीवर कुस्ती लावली. आपली नव्हे, परदेशी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिकडे कुस्तीच्या दोन कंपन्या होत्या. दोघींचा कार्यक्रम दर आठवड्याला, एकाच वारी, एकाच वेळी लागायचा. हेतू एकच, की दुसरीचा प्रेक्षक पळवावा. कांतीशेठ त्यांना ‘थोरला’ आणि ‘धाकला’ म्हणत. तरुणपणी केबलवर पाहताना त्यांनी थोरल्याचा पक्ष घेतला होता, आणि थोरल्याला सोडून धाकल्याकडे गेलेल्या एकाही पैलवानाला त्यांनी आजवर क्षमा केलेली नव्हती.

“नालायक! थोरलानं मीठ खाधं आनि धाकलाकडे गया!”

“अहो शेठ, तीस वर्षं झाली त्याला.”

“मंग? गद्दारी जुनी व्हयनी ते काय गोड व्हस का?”

खोटे कशाला बोलू? पहिले दोन भाग मी शिष्टाचार म्हणून पाहिले. तिसऱ्या भागात वही मागवली. कारण हे तर आमचेच, लोकसाहित्याचे क्षेत्र होते! एक पैलवान टपालवाल्याच्या वेशात, खांद्याला पिशवी अडकवून यायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती त्याच्या पराभवाचे पत्र द्यायचा. थोरल्या कार्यक्रमात हा सज्जन. चार महिन्यांनी तोच माणूस, तीच पिशवी घेऊन, धाकल्यात खलनायक; आता तो लोकांची पत्रे फोडून वाचू लागला होता. एका गावचा देव शेजारच्या गावी भूत होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला तीस वर्षांच्या भटकंतीत मिळाले नव्हते.

मी दर आठवड्याला दोन्ही कार्यक्रमांच्या एकेका भागाचे तौलनिक परीक्षण लिहू लागलो आणि आमच्या लोकसाहित्यप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू लागलो. तिथेच माझ्या हातून तो शब्द गेला.

मी लिहिले: ‘या कुस्त्यांना खोट्या म्हणणे अन्यायाचे आहे. रावण मरणार हे ठाऊक असूनही आपण रामलीला पाहतोच. या कुस्त्या खोट्या नव्हेत. त्या नेमलेल्या आहेत.’

‘नेमलेल्या’! शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की पुढच्या नऊ परीक्षणांत तो एकोणतीस वेळा वापरला. कांतीशेठांनी ती परीक्षणे जिल्हाभर पाठवली. आणि एका सकाळी रनाळ्याहून फोन आला. यात्रा समितीचे प्रमुख नाना बोलत होते. मोठे बागाईतदार, आवाज असा की फोन कानापासून वीतभर दूर धरावा.

“सर, तुम्हनं लिखेल बठ्ठं वाचं! नेमेल कुस्तीनं महत्त्व आख्खा जिल्हामा तुम्हलेच समजनं. आम्हनी यात्रानी दंगलले प्रमुख पाहुना तुम्हीन.”

आता येथे एक कबुली. मी तीस वर्षे यात्रांची गाणी गोळा केली. पण गाणी सकाळी असतात, कुस्त्या दुपारनंतर, आणि माझी परतीची बस नेमकी त्यांच्या मध्ये. त्यामुळे यात्रांवर दोन ग्रंथ लिहूनही मी प्रत्यक्ष कुस्ती एकदाही पाहिलेली नव्हती. हे नानांना सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. उलट अभ्यासकाच्या सावधपणाने खात्री करून घेतली.

“नाना, तुमच्याकडचीही कुस्ती नेमलेलीच असते?”

“मंग काय! शेवटनी कुस्ती नेमेलच ऱ्हास. महिनाभर पहिले नेमी टाकी आम्हीन.”

“दोन्ही पैलवानांना माहीत आहे?”

“त्यासले इचारीसनच नेमी ना सर! दोन्हीसनी हा म्हना.”

“आणि गावाला?”

“गावले? पत्रक छापं! पंचक्रोशीले माहीत शे!”

पाहा! मी एकेक प्रश्न विचारत होतो आणि ते एकेक दार उघडून देत होते. परदेशात जे पडद्याआड चालते, ते रनाळ्यात पत्रक छापून चालते! मी त्या आठवड्यातले परीक्षण बाजूला ठेवून भाषणच लिहायला घेतले. जोड कोणाची कोणाशी लागणार, एवढेच आगाऊ ठरवलेल्या कुस्तीला आपल्याकडे ‘नेमलेली कुस्ती’ म्हणतात, आणि तिच्याइतकी चुरशीची दुसरी कुस्ती नसते, हे जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जिल्ह्यात अपवाद एक. तो भाषण लिहीत होता.

यात्रेच्या दिवशी कांतीशेठ मला गाडीतून रनाळ्याला घेऊन गेले. आखाड्याभोवती माणसांची भिंत. मंचावर नानांनी दोन्ही पैलवान भेटवले. रनाळ्याचा भटू: दिवसभर मिरची वाळवायच्या पथारीवर राबणारा, बोलायला अत्यंत लाजरा तरुण. दोन वर्षांपूर्वी त्याचा खांदा निखळला होता, आणि लोक म्हणू लागले होते की भटू संपला. आज तो पुन्हा उतरत होता. समोर कोरीट गावचा सुभाष, दरवाजाच्या चौकटीएवढा रुंद. मी मनाशी म्हटले, वा! जखमी वीराचे पुनरागमन. संहिता उत्तम बांधली आहे.

शेवटच्या कुस्तीआधी माझ्या हाती माइक आला.

“ग्रामस्थहो, या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच नेमलेले आहे, हे आपण सारे जाणता. तरीही आपण कोसाकोसावरून आलात. यालाच मी लोकमनाची प्रगल्भता म्हणतो!”

मी टाळ्यांसाठी थांबलो. टाळ्या आल्या नाहीत. ढोलवाल्याची टिपरी हवेतच राहिली. श्रोते अंतर्मुख झाले आहेत असे समजून मी पुढे निघालो.

“दोघांनीही महिनाभर एकत्र बसून तालीम केली असेल. माझ्या मते जिंकणाऱ्यापेक्षा पडणाऱ्याचे कौतुक अधिक व्हावे. कारण पडणे ही कला आहे!”

कोरीटच्या बाजूने एक म्हातारा उठला. “ओ सर! पडनार कोन शे, ते बी सांगी द्या मंग!”

आता तुम्हीच सांगा, यातला डंख कोणाच्याही लक्षात आला असता की नाही? मला ती निखळ जिज्ञासा वाटली.

“उत्तम प्रश्न! कथेचा न्याय पाहिला तर, दुखापतीतून परतलेला वीर कधी हरत नसतो. तेव्हा आज जिंकणार भटू!”

मग जे झाले त्याचे ध्वनिमुद्रण कोणी केले असल्यास ते माझ्यापर्यंत पोचवू नये.

“नुरा! नुरा कुस्ती शे!” कोरीटची बाजू उभी राहिली. नुरा म्हणजे आतून मिटवलेली लबाडीची कुस्ती. पैलवानाला याहून मोठी शिवी नाही. सुभाषने अंगावर घेतलेली माती झटकली. “मी पडाले उनू का आठे? चला रे, टेम्पो काढा!”

नाना माझ्याकडे पाहत होते. ते नुसतेच पाहत होते, आणि त्यांचा तो नेहमीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

गोंधळातून वाट काढत भटू मंचापाशी आला. खालूनच म्हणाला, “सर, मी जिंकनू ते लोक म्हनतीन, सरनी सांगेलच व्हतं, नुरा व्हती. हारनू ते हारनूच. दोन साल मेहनत करी मी. आते मी काय करू?”

तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. आता मी भाषणाचे कागद उलटेपालटे करू लागलो.

कांतीशेठ कानाशी लागले. “सर, एकच उपाय शे. तुम्हले कुस्तीमधलं काहीच समजत नही, हाई गावले सांगनं पडी.”

“शेठ! दोन ग्रंथ आहेत माझे यात्रांवर!”

“त्या ग्रंथ बुडतीन. नही ते हाऊ पोऱ्या बुडी. कोनले बुडावतस?”

मी भटूकडे पाहिले. त्याचा डावा हात आपसूक एकदा निखळलेल्या खांद्यावर गेला होता. मी माइक उचलला.

“मंडळी, मी आजवर एकही कुस्ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही. जे बोललो ते टीव्हीवरच्या परदेशी कुस्तीवरून. ‘नेमलेली’ या शब्दाचा अर्थ मी माझ्या मनाने लावला. या दोन पैलवानांनी काहीही मिटवलेले नाही. मी अडाणी आहे.”

गलका थोडा उतरला. पण विश्वास कोण ठेवणार? इतका शिकलेला माणूस इतका अडाणी असतो होय? तोच कोरीटचा म्हातारा पुन्हा पुढे आला. त्याने माझी तोंडी परीक्षाच घेतली.

“सर, पैलवान चीत झाया, हाई कशावरथीन समजस?”

मी प्रामाणिकपणे सांगितले, “पंच शेजारी आडवा पडतो आणि जमिनीवर तीनदा हात आपटतो, त्यावरून.”



मग पहिल्यांदा म्हातारा हसला, त्यानंतर कोरीट हसले, मग रनाळे, मग आखाड्याकडेच्या कडुलिंबाच्या झाडावर बसलेले लोक. एक जण तर हसता हसता खाली आला. पंच स्वतः पोट धरून बसला. म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि दोन्ही हात वर करून जाहीर केले, “बसा रे, बसा बठ्ठा! सरले खरंच काहीच माहीत नही!”

एखाद्याच्या अज्ञानाचा इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. सुभाषसुद्धा हसत होता. त्याने पुन्हा मूठभर माती घेतली, भटूच्या दंडाला लावली, आणि भटूने त्याच्या.

ढोल सुरू झाला. आणि कुस्ती म्हणजे काय, ते मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पाहिले. टपालवाला नाही, पिशवी नाही, पत्र नाही. दोन माणसे एकमेकांना भिडतात आणि हजार माणसे आपोआप श्वास धरतात, बस्स. सुभाषने भटूला दोनदा खाली आणले. दोनदा तो पोटावर वळून सुटला. वीस मिनिटांनी दोघेही इतके लाल झाले की नाकडोळेसुद्धा मातीचेच वाटावेत. मी वही काढायचे विसरलो. मी खुर्चीवरून उठून ओरडत होतो, असे कांतीशेठ म्हणतात. त्यांचे विधान मी खोडून काढू शकत नाही.

मग भटू अचानक खाली बसल्यासारखा झाला, सुभाषचा एक पाय त्याच्या कवेत होता, आणि पुढच्या क्षणी कोरीटची ती चौकट आकाशाकडे तोंड करून, दोन्ही खांदे टेकून मातीत पसरली. भटू जिंकला होता. सबंध गर्दी उसळून उभी राहिली. माझ्यापुढे नुसत्या टोप्या आणि पाठी; पंचाने तीनदा हात आपटला की नाही तेही दिसेना, म्हणून निकाल मला कळलाच नाही. कोणी ‘नुरा’ म्हणाले नाही. कोरीटचा म्हाताराही टाळ्या वाजवत होता.

“सर!” नानांचा आवाज परत आला होता. “चला आखाडामा! जिंकेलना हात वर करनं पाहुनानं काम शे!”

गुडघा सांभाळत, दोन माणसांच्या आधाराने, गर्दीतून वाट काढत आखाड्यात पोचायला मला पाच मिनिटे लागली. तिथे एक पैलवान गुडघे टेकून, कपाळ मातीला लावून बसला होता. त्याची पाठ हुंदक्यांनी हलत होती. दुसरा ताठ उभा राहून अंग झटकत होता. दोघेही नखशिखांत सारखेच लाल. जो खाली बसून रडतो तो हरलेला, आणि जो उभा तो जिंकलेला. एवढे अनुमान काढायला विद्वत्ता लागत नाही.

रनाळ्याच्या त्या भरगच्च आखाड्यात, ढोलाच्या गजरात, मी मोठ्या आदराने कोरीटच्या सुभाषचा हात धरला आणि जमेल तितका उंच केला.