गोजाबाईची शुगर

गोजाबाई डोंगरात गेली ती नाही म्हणायला. नाही म्हणायला एवढ्या लांब कुणी जात नाही, फोनवरच सांगून मोकळे होतात. पण भारत फोनवर ऐकेना, आणि पोरगी न बघताच नकार दिला असं उद्या कुणी तोंडावर बोलायला नको, म्हणून ती कुर्डुवाडीला गाडीत बसली.

भारत तिचा एकुलता एक. मंगळवेढ्याच्या माळावरची मेंढरं सोडून तो हिमाचलात, पार वर किन्नौरच्या डोंगरांत, रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवत होता आणि तिथल्याच सोनम नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. गोजाबाईचं मुलीशी काही वाकडं नव्हतं. पोरगा तिकडचाच होऊन राहील, एवढी एकच भीती तिला होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलं की म्हणायची, "तिच्यासंगं बोलू कुटल्या भाषंत?"

निघताना नवऱ्याने, म्हणजे सिद्धाप्पाने, मेंढरांमागे जाता जाता एकच सूचना केली. "मनात नसंल तर गोड कायबी खाऊ नगं." मुलगी बघायला गेलेल्या माणसाने तोंड गोड केलं की होकार झाला, ही आमच्याकडची रीत. पेढा खाऊन मग विचार करू म्हणणाऱ्याला लोक पुढं दारात उभं करत नाहीत.

भारत तिला न्यायला खाली आला होता. रस्ता संपला आणि पायवाट लागली. गोजाबाईचा जन्म मेंढ्यांमागे चालण्यात गेलेला, तेव्हा चालण्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण तिच्या माळावर जमीन आडवी असते, इथली उभी होती. लुगड्याचा काष्टा घट्ट करून, वर बघायचं टाळून ती चढत राहिली. वर बर्फ होता. तो तिने एकदा पाहिला आणि पुरे म्हणाली.

वाटेवरच्या पहिल्याच घरातून चहाची हाक आली.

"साखर असंल त्यात," गोजाबाई म्हणाली.

"असती की, आये," भारत म्हणाला.

"मग नगं."

दारात कप घेऊन उभ्या असलेल्या बाईला सोलापूरची रीत हिंदीतून कशी समजावणार? भारतने सोपं केलं. आईला शुगर आहे म्हणाला.

गोजाबाईला आयुष्यात सर्दीपलीकडे काही झालं नव्हतं. पण त्या बाईचा चेहरा असा पडला, की गोजाबाईला वाटलं तिच्याच घरात काही वाईट घडलंय. बाईने तिचा हात हातात घेतला, आत गेली, उकडलेले बटाटे घेऊन आली आणि ओटीत मावतील तेवढे अक्रोड घातले. पुढच्या घरी चहाचं कुणी नावच काढलं नाही. बातमी पोचली होती. जिथं फोनला धड रेंज नव्हती, तिथं गोजाबाईची शुगर तिच्या पुढे दोन घरं चालत होती. तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्याने जर्दाळूची ताटली तिला दिसू नये म्हणून पाठीमागे लपवली आणि कसल्यातरी कडू मुळ्या पुडीत बांधून दिल्या. गोजाबाईने त्या घेतल्या. खोटं आजारपण असलं तरी माणसं खरी होती, आणि एवढ्या मायेने कडू दिलेलं कुणी परत करतं का?

सोनमचं घर सगळ्यात वर. घरात ती आणि तिची विधवा आई, तिसरं माणूस नाही. गोजाबाईने दारातच ओळखलं की ही पोरगी आईला टाकून यायची नाही. मग भारतने न विचारता कोपऱ्यातली बादली उचलली आणि पाणी आणलं. बादली कुठे असते ते त्याला माहीत होतं. गोजाबाईला ते लई लागलं.

शुगर म्हणून तिला खास तिकडचा खारा चहा दिला. त्यात लोणी तरंगत होतं. सोनमच्या आईकडून चुकून मीठ पडलं असणार, असं समजून गोजाबाई गप्प पिऊन गेली. पाहुण्याने यजमानाचं उणं काढू नये. तिला आवडला असं समजून त्यांनी आणखी दिला.

दुसरा कप संपतोय तोवर खालच्या गोठ्यातून मेंढीचा आवाज आला. गोजाबाईला तो आवाज कळला. ती उठली तेव्हा सोनम अर्ध्या जिन्यावर पोचली होती.

पहिलटकरीण मेंढी होती, पिलाचा एक पाय आत दुमडलेला. "धर गं, नीट धर. आता सैल सोड," असं गोजाबाई मराठीत सांगत राहिली आणि सोनम तसं करत राहिली. तेल मागायच्या आत तेल पुढे आलं. पिलू बाहेर आलं, ओलं, काळ्या कानांचं, आणि दोघींनी एकदमच त्याचं नाक पुसायला हात घातला.

गोजाबाईने हात धुतले. सोनमच्या आईने व्यालेल्या मेंढीसाठी गुळाचा खडा आणला. आमच्याकडे खारवट रानातल्या उसाचा गूळ खारट निघतो, तो मेंढी तोंडात धरत नाही. त्यामुळे गूळ आधी चाखायचा आणि मग मेंढीला द्यायचा, ही गोजाबाईची जन्माची सवय. तिने कोपरा मोडून तोंडात टाकला.

"माताजी! शुगर!" सोनमची आई किंचाळली आणि तिने गोजाबाईचा हात धरला.

गोजाबाई तशीच उभी. भारत दारात होता. हसावं की रडावं ते त्याला कळेना.

"आये," तो हळूच म्हणाला, "त्यो मेंढीचा गूळ हुता. चाखलेला रीतीत धरत न्हाईत."

"न्हाईतच धरत," गोजाबाई म्हणाली.

तिने खडा मेंढीला दिला. मेंढीने तो खाल्ला. मग तिने सोनमच्या आईकडे हात पसरून दुसरा खडा मागितला. ती बाई काही केल्या देईना. शेवटी तो गोजाबाईने तिच्या मुठीतून काढून घेतला, दातांनी दोन तुकडे केले, एक सोनमच्या तोंडात घातला आणि दुसरा आपण, सगळ्यांदेखत, सावकाश खाल्ला.

संध्याकाळी रेंज येते त्या दगडावर बसून तिने सिद्धाप्पाला फोन लावला.

"पोरगी कशी हाय?"

"मेंढी धरता येती तिला."

"आन् भारत?"

गोजाबाईने घराकडे पाहिलं. भारत बादली घेऊन परत पाण्याला निघाला होता.

"त्यो हितंच ऱ्हाणार," ती म्हणाली.

सिद्धाप्पाने तिकडे मेंढरांना हाक घातली. मग म्हणाला, "गोड काय खाल्लं न्हाईस न्हवं?"

"खाल्लं की," गोजाबाई म्हणाली. "दोनदा."