मागून येणारी बाई

नांदेडात तरोडा नाक्याजवळ पंचशीलाचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, दोन मशिनी आणि एक आरसा. पक्की शिलाई मारायच्या आधी कच्चे टाके घालून कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर बघायचा, हा तिचा वीस वर्षांचा नियम. बघताना 'तुमचे दंड जाड झाले' असं चुकूनही म्हणायचं नाही. विचारायचं, "कुठं ओढून राहिलंय?" या एका प्रश्नावर तिचं दुकान चालतं, असं म्हटलं तरी चालेल.

दुपारी गिऱ्हाईक पांगलं की ती मोबाइलवर 'वाटा' नावाचा खेळ खेळते. या खेळाची गंमत अशी, की त्यातल्या वाटा खेळणाऱ्यांनीच रचायच्या. झाड, विहीर, दार, दगड बोटाने मांडायचे आणि बाकीच्यांना आव्हान द्यायचं, पार करून दाखवा. मग लोक खेळतात आणि खाली शेरे लिहितात. शेरे कसले, उचलली जीभ लावली टाळ्याला! 'बकवास.' 'डोकं आहे का?' पंचशीलाला याची भारी चीड. एकाने आठवडाभर खपून काही मांडावं आणि दुसऱ्याने ते एका शब्दात उसवावं, ही कुठली रीत? ती स्वतः प्रत्येक वाट तीनदा खेळते. आधी कुठं छान बसलं ते लिहिते, मग कुठं ओढतंय ते. लोक तिला मास्टरताई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडतं.

उन्हाळ्यात बिलोलीच्या किशनरावांनी आपली पहिली वाट मांडली. गृहस्थ वायरमन म्हणून निवृत्त झालेले, वय सहासष्ट. वाट दिसायला साधी. घरातून निघायचं आणि पांदणीने शेतातल्या विहिरीपर्यंत जायचं. पण विहिरीपाशी एक फाटक होतं आणि ते काही केल्या उघडेना. बऱ्याच जणांनी नाद सोडल्यावर एकाला उलगडा झाला. मागून एक बाई अगदी हळूहळू चालत येते, ती पोचली तरच फाटक उघडतं. झालं, लोक पिसाळले. 'म्हातारीला रिक्षा करून द्या,' असं एकाने लिहिलं. किशनरावांनी खाली एवढंच लिहिलं, 'आपल्याला न्हाई जमत हे. उद्या काढून टाकतो.'

पंचशीलाने ते वाचलं. त्या दिवशी तिच्या मशिनीवर एकाच लग्नाचे अकरा ब्लाउज पडले होते. तिने वाट घाईघाईने एकदाच खेळली आणि लिहून टाकलं, 'काका, काढू नका. पांदण फार देखणी झालीय. कडुलिंबाच्या सावलीत तर खरंच गार वाटतं. फक्त त्या बाईची चाल वाढवा.'

किशनरावांनी चाल वाढवली. दोन दिवसांत चारशे लोकांनी वाट पार केली, शाबासक्या दिल्या. पंचशीलाही खूश.

तिसऱ्या दिवशी किशनरावांचा आवाजी निरोप आला.

"ताई, तुमचे उपकार झाले. लई लोक खेळून राहिलेत. पर आमची केवळाबाई आता फोनकडं बघंना झालीय. हे तिच्यासाठीच केलतं मी. चाळीस वर्षं शेताला जाताना मी म्होरं अन् ही मागं. डोक्यावर भाकरीचं टोपलं, हातात घागर. आपल्यात रीतच तशी, मी एकडाव वळून बघितलं न्हाई. आता तिचे गुडघे गेले. म्हनलं, खेळात तरी लोकांनी हिच्यासाठी थांबावं. खेळातली बाई हळू चालायची तवा ही बघून खुदूखुदू हसायची. आता म्हनती, ही पळून राहिली, ही मी न्हाई."

पंचशीलाने मशीन थांबवली. कपडा कुणासाठी आहे हे न विचारताच तिने कात्री लावली होती. वीस वर्षांत गिऱ्हाइकाशी जे केलं नाही, ते एका भल्या माणसाशी केलं, याची तिला मनापासून लाज वाटली.

मग ती वाट पुन्हा तीनदा खेळली आणि तिसऱ्यांदा तिला सापडलं. खेळणारा घरातून निघतो तेव्हा बाई दिसतच नाही. कुणी मागे आहे हेच ठाऊक नसेल, तर माणूस थांबणार कसा?

'काका, चुकलं माझं,' तिने लिहिलं. 'चाल होती तशीच करा. ओढत होतं ते दुसरीकडं. सुरुवातीला दोघांना एका उंबऱ्यात उभं करा, मग निघू द्या. लोक कमी खेळतील. खेळू द्या.'

लोक खरंच कमी झाले. काहींनी पुन्हा नाकं मुरडली. पण रिक्षाचा शेरा लिहिणाऱ्यानेच आठवड्याने लिहिलं, 'परत खेळलो. कडुलिंबाखाली थांबलो. बाई आल्यावर निघालो.' पंचशीलाने ते दोनदा वाचलं.

त्याच दुपारी बिलोलीहून आणखी एक निरोप आला. या वेळी आवाज बाईचा होता.

"मास्टरताई, मी केवळाबाई बोलून राहिले. बरी हाय. काल दवाखान्याला निघालो, तर हे चार पावलं म्होरं गेले अन् वळून उभेच ऱ्हायले. मी म्हनलं, का वो, फाटक उघडंना का?"