सरांचा खरा पलंग

रंधा मारताना पायाशी सालपटं साचत असतात. आपलं लक्ष लाकडाकडे. संध्याकाळी झाडू हातात घेतला की कळतं, अरे, पोतंभर झाली की! आमच्या शनिवारच्या मंडळाचं तसंच झालंय. एकेक गोष्ट तेव्हा बारीक वाटली. आता झाडायला बसलोय.

माझी शाळा तिसरीत सुटली. जन्मभर सुतारकाम केलं, आधी वसईत, मग इथे कॅनडात, ग्वेल्फला. दर शनिवारी लायब्ररीच्या वरच्या खोलीत आम्ही पाच-सहा मराठी म्हातारी माणसं जमतो. प्रभुणे सर बोलतात, आम्ही कॉफी पितो. सर पुण्याचे इंजिनियर, शाळेत कधीच शिकवलेलं नाही. पण रिटायर झाल्यावर एखाद्याला शुगर होते, तसं त्यांना ग्रीक तत्त्वज्ञान झालं!

*

पहिल्याच शनिवारी सर म्हणाले, "एक ग्रीक गुरू सांगून गेलाय, जगात दिसतं ते सगळं नक्कल आहे. पलंग घ्या. दुकानातले पलंग कुरकुरतात, मोडतात. पण खरा पलंग एकच. तो वर आहे, फक्त बुद्धीला दिसतो आणि कधीच मोडत नाही. सुतार त्याच्याकडे बघूनच आपला पलंग करतो. विचारा आपल्या इनासकाकांना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "सर, काम करताना मी वर कधी बघितलं नाही. बोट कापलं असतं."

"मग कोणाकडे बघून करता?"

"झोपणाऱ्याकडे."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहान पोराच्या खांद्यावर ठेवतात तसा.

*

इथवर ठीक होतं. पण सरांनी घरचा पलंग कुरकुरतो म्हणून देऊन टाकला! नवा येईपर्यंत गादी जमिनीवर. आणि वहिनींचा, म्हणजे त्यांच्या मिसेसचा, गुडघा पार गेलेला. ऑपरेशनची तारीख ठरलेली. सकाळी उठताना बिचारी आधी भिंत धरायची, मग खिडकी.

"इनासकाका, तुम्हीच करा," सर म्हणाले.

मी टेप घेऊन गेलो. वहिनींना म्हटलं, "जरा खुर्चीत बसा, गुडघ्यापर्यंतची उंची घेतो."

सर मध्ये आले. "माणसाचं माप कसलं घेता? माणसं बदलतात! मी ड्रॉइंग देतो."

मी टेप खिशात घातली.

*

ड्रॉइंग काही येईना. काढायचे आणि खोडायचे. सातव्या की आठव्या कागदाला मी म्हटलं, "सर, हा बरा दिसतोय."

"नाही. कुरकुरतोय."

"कागद कसा कुरकुरेल?"

"मला ऐकू येतं!"

व्हँकुव्हरहून सरांच्या मुलीचा फोन आला. "बाबा, ऑनलाइन ऑर्डर करा ना! आईला किती त्रास होतोय!"

"ऑनलाइन काय असतं? चित्र! पलंग ही खऱ्याची नक्कल, चित्र ही नकलेची नक्कल. ती मी घरात आणू?"

"बाबा, फ्री डिलिव्हरी आहे!"

सरांनी फोन वहिनींकडे दिला.

*

नागपूरचे वानखेडे आमच्यातले वांड. फेब्रुवारीत ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करून ते तसेच मंडळात आले. बुटांवरचा बर्फ वितळून खाली काळ्या पाण्याचं तळं झालं.

"सर, वर सगळ्याचंच खरं रूप असते का जी?"

"सगळ्याचं."

"मग या स्लशचं? रस्त्यावर टाकलेलं मीठ, चिखल, कुत्र्याचं काय काय, सगळं मिळून?"

सर त्या तळ्याकडे बघत राहिले. "अशा क्षुद्र वस्तूंचं... तिथे तो ग्रीक गुरूसुद्धा जरा अडखळला होता."

"म्हणजे वर शोव्हल करा लागत नाही! मग मी उद्याच जातो ना!"

*

त्या गुरूचा एक चेला होता. वर्षानुवर्षं गुरूकडे शिकला आणि शेवटी म्हणाला, रूप वस्तूच्या आतच असतं, वर कुठे टांगलेलं नसतं. घरातल्या माणसानं चोरी केल्यासारखं सरांनी हे सांगितलं.

त्या शनिवारी मंडळ सरांच्याच घरी होतं, वहिनी कोपऱ्यात स्वेटर विणत होत्या. "त्या चेल्याचं लग्न झालं होतं?"

"झालं होतं."

"आणि गुरूचं?"

"नव्हतं."

"वाटलंच," म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला.

*

त्याच दिवशी वानखेड्यांनी आणखी एक काढलं. "सगळे पलंग एकमेकांसारखे का, तर वरच्या पलंगामुळे. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे खालचे आणि तो वरचा, हे एकमेकांसारखे कशामुळे? त्याच्यासाठी तिसरा लागन ना! मग चौथा!"

"ही शंका जुनी आहे. गुरूनं स्वतःच लिहून ठेवली आहे."

"उत्तर?"

सरांनी कॉफीचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी बराच वेळ पीत राहिले.

वहिनी म्हणाल्या, "वर इतके पलंग! मला खाली एक मिळेना."

 

*

ऑपरेशनला आठवडा उरला तेव्हा वहिनींचाच फोन आला. "इनासभाऊ, हे लायब्ररीत गेलेत. टेप घेऊन या."

गुडघ्यापर्यंतची उंची घेतली. कोणत्या कुशीवर झोपता, कोणता हात टेकून उठता, सगळं विचारलं. माझ्या मुलीच्या गॅरेजमध्ये मेपलचा पलंग केला. खाली हॉलच्या कोपऱ्यात मावेल एवढाच, सिंगल. उठताना धरायला डाव्या बाजूला एक दांडा.

वहिनी हॉस्पिटलमधून वॉकर घेऊन घरी आल्या. पलंगावर बसल्या. पाय जमिनीला सपाट टेकले. दांडा धरून उठल्या. परत बसल्या. परत उठल्या. "अहो, भिंत लागली नाही!"

सरांनी फोनचा टॉर्च लावून पलंगाखाली बघितलं. सांधे दाबून बघितले. कान लावून ऐकलं. कुरकुर नव्हती. मग उभे राहून म्हणाले, "चांगला आहे. पण शेवटी नक्कलच."

वहिनी आडव्या झाल्या आणि पांघरूण ओढून घेतलं.

"असू दे. मी नकलेवर झोपते. तुम्ही खऱ्यावर झोपा."

पुढच्या शनिवारी सर लायब्ररीचा जिना कठडा धरून चढले. कंबर वाकलेली, मान एका बाजूला. त्या दिवशी ग्रीक नाही, काही नाही. वानखेडे काहीतरी बोलणार होते, मी त्यांचा पाय दाबला.

सर माझ्यासमोर आले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूहळू, एक हात टेबलाला धरून, सगळ्यांसमोर लायब्ररीच्या कार्पेटवर आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले,

"घ्या माप."