धाकट्या जावेची होडी

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला होड्यांचं प्रदर्शन भरलं आहे, ही बातमी आमच्या भाऊजींनी मोबाइलवर वाचून दाखवली तेव्हा आम्ही चौघं पोहे खात होतो. रविवारचा नाश्ता आमच्याकडे, असं घरात ठरूनच गेलेलं आहे. मी आणि हे खालच्या मजल्यावर राहतो, धाकटे दीर, जाऊ आणि रविवारीही क्लासला जाणारी त्यांची शाळकरी मुलगी वरच्या. जाऊ माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. बँकेत नोकरी करते, गाडी चालवते, आणि कोणी काहीही सुचवलं की "जाऊ या की" असं सगळ्यांत आधी म्हणते. त्या दिवशीही तीच म्हणाली.

मी पोह्यांवर लिंबू पिळत राहिले. पण त्या तिघांपेक्षा मला जास्त जायचं होतं.

माझं माहेर सायखेड्याचं. गोदावरीच्या काठाला घर आणि नदीपलीकडे दोन एकर मळा. पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडे, म्हणून वडिलांनी पत्र्याची एक होडी ठेवली होती. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून मी ती वल्हवत असे. वडील पुढे बसायचे, मी मागे. "लय जोर नको लावू," ते मान न वळवता सांगायचे, "पाणी काय पळून नाय चाललं." पुढे पुढे मी एकटीच त्यांची न्याहारी घेऊन पलीकडे जायचे आणि येताना चाऱ्याचा भारा आणायचे. दहावीच्या वर्षी एका सकाळी आईने होडीची साखळी धरून ठेवली आणि सांगितलं, आता हे बंद. "उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? लोक आम्हालाच विचारतील." वडील जवळच उभे होते; त्या दिवशी ते एकटेच पलीकडे गेले. मग लग्न होऊन मी नाशिकला आले. इथे होडीचा विषय निघायचं कारणच नव्हतं. इतक्या वर्षांत ह्यांनाही मी ही गोष्ट कधी धड सांगितली नव्हती.

तर आम्ही गेलो. एका मोकळ्या शेतात गाड्या लावायची सोय होती आणि तिथून पाण्यापर्यंत दोन्ही बाजूंना मांडव होते. लाल, पिवळ्या, निळ्या फायबरच्या होड्या गवतावर ओळीने ठेवलेल्या होत्या. हवा भरून फुगवायच्या होड्या, पायडल मारायच्या बोटी, वल्ही, दोर, लाइफ जॅकेटं, असं सगळं. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागाईतदार विक्रेत्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, "शेततळ्यात चालंल का? माझ्या तळ्यातल्या प्लास्टिकला भोक पडायला नको." नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई गवतावरच्याच होडीत बसल्या होत्या. दोन्ही कडा घट्ट धरून त्या नातवाला म्हणत होत्या, "हलतीय बरं का रे ही." कुठल्याशा रिसॉर्टचे दोघे जण सहा पायडल बोटींचा भाव करत होते. बायकांची गर्दी मोबाइल भिजू नये म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांभोवती होती. आमचे हे एका घडीच्या खुर्चीत बसले ते ती विकत घेऊनच उठले.

मी एका होडीच्या कडेवरून हात फिरवला. फायबर गुळगुळीत होतं, पण बसकट बूड आणि वर आलेलं नाक बघून ही होडी वाऱ्यात कशी वागेल ते मला कळलं. इतक्या वर्षांनी कळलं, याचंच मला नवल वाटलं. मग मी सरळ धक्क्याकडे चालू लागले. तिथे कयाक फुकट चालवून बघायला देत होते. दोन टोकांना पाती असलेलं वल्हं घेऊन एकट्याने चालवायची ती निमुळती होडी.

टेबलामागच्या तरुणाने माझ्याकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "काकू, तुम्ही त्या हंसाच्या बोटीत बसा ना. काकांनाही घ्या. एकदम सेफ आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून जावेचा आवाज आला. "मी जाते. मला पोहता येतं." तिने लाइफ जॅकेट अडकवलंसुद्धा होतं. ती घरूनच ट्रॅक पँट घालून आली होती.

मी हंसात बसले. पांढऱ्या प्लास्टिकच्या त्या हंसाची मान उंच होती आणि पायाशी सायकलसारखी पायडलं. हे माझ्या शेजारी आडवी दांडी पकडून बसले होते. पुढच्या वीस मिनिटांत मी जे बघितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. माझी जाऊ वल्हं उलटं धरून होती. पात्याची खोलगट बाजू पुढे आणि पाठ मागे. नुसत्या हातांनी पाणी ओढत होती. कयाक एका जागी गोल फिरत होती आणि ती मोठ्याने हसत होती. धक्क्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते. भाऊजी व्हिडिओ काढत होते. हेही म्हणाले, "बघ, कशी धीट आहे."

मी पायडल मारत राहिले.

जाऊ येवल्याची. लहानपणी घरी नळाला पाणी यायचं त्या दिवशी शाळा बुडवून घागरी भरल्या, असं ती नेहमी सांगते. पोहायलासुद्धा ती दोन वर्षांपूर्वी शिकली, महापालिकेच्या तलावावर. प्रदर्शनात ती कयाकमधून उतरली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. भाऊजींना म्हणाली, "मला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं." भाऊजींनी तिथल्या तिथे दोघांना बसता येईल अशी फुगवायची कयाक घेऊन टाकली. पंप, दोन वल्ही, पाठीवर अडकवायची मोठी पिशवी, सगळं. आजूबाजूच्या बायका कौतुकाने बघत होत्या. मी मोबाइलची प्लास्टिकची पिशवी घेतली, कारण काहीच न घेता परतणं मला बरं दिसेना.

गाडीत तिने मागे वळून विचारलं, "ताई, तुम्ही तर नदीकाठच्या. तुम्हाला येत असेल ना होडी चालवायला?"

"छे गं," मी म्हटलं. "आमच्याकडे मुली कुठे होडीत बसायच्या."

मी खोटं का बोलले, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या वेळी हो म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, अरे वा, वहिनी पण. ते 'पण' मला नको होतं.

भाऊजींच्या एका मित्राचा द्राक्षाचा मळा बॅकवॉटरला लागून आहे. तिथून दर रविवारी सकाळी हे लोक होडी पाण्यात घालू लागले. कधी कधी आम्हीही जायचो. भाऊजींचा उत्साह तिसऱ्या आठवड्यात ओसरला आणि ते काठावर चहा पीत बसू लागले. ती मात्र जातच राहिली. वल्हं तिने अजून उलटंच धरलेलं असे. वीस-पंचवीस हात पुढे जायची, मग नाक डावीकडे वळायचं, मग ती जोर लावायची आणि पुरती फिरायची. मी झाडाखाली बसून ते बघायचे. एका वाक्यात तिला सांगता आलं असतं. ते वाक्य मी तोंडात धरून ठेवलं आणि खरं सांगायचं तर त्याची चव मला आवडत होती. सोमवारी ती कणीक मळायला लागली की तळहातावरचे फोड दिसायचे. मी कैलास जीवनाची डबी पुढे करायचे आणि वाक्य गिळून टाकायचे.

पण दोन महिन्यांनी ती आपली आपणच थोडी सरळ जायला लागली. त्या रविवारी ती काठावर आली तेव्हा दंड चकाकत होते, चेहरा उन्हाने तांबूस झाला होता, आणि मला ती फार सुंदर दिसली. त्याच संध्याकाळी भाऊजी कशालातरी खाली आले होते. मी चहा टाकता टाकता म्हटलं, "भाऊजी, पाणी खोल आहे हो तिथे. दुपारचा वाराही वाईट. तुमच्या मुलीचं दहावीचं वर्ष. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

भाऊजी स्वभावाने घाबरट. त्यांचा चेहरा लगेच उतरला. त्या रात्री वरून बोलण्याचे आवाज आले. पुढच्या रविवारी कोणी धरणावर गेलं नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. होडीची पिशवी जिन्यातल्या कोपऱ्यात येऊन पडली. जाता-येता ती मला दिसायची. पहिले काही दिवस मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही.

मग एका शनिवारी दुपारी जाऊ खाली आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तुमच्या ओळखीत कोणाला होडी हवी असेल तर सांगा. विकून टाकते. ह्यांच्या जिवाला घोर लागतो. मी म्हटलं, जाऊ दे."

ती चिडलेली नव्हती. तिने ते मान्य करून टाकलं होतं, आणि तेच मला बघवेना. साखळी धरून उभी असलेली आई मला आठवली. भाऊजींना मी काय बोलले होते तेही आठवलं, अगदी शब्दाला शब्द.

"भाऊजींच्या डोक्यात ते मी घातलं," मी म्हटलं.

तिला आधी कळलंच नाही. मग तिने विचारलं, "का?"

"कारण मला येतं. लहानपणापासून येतं. मी तुला खोटं सांगितलं होतं."

मी तिला सगळं सांगितलं. वडील, मळा, होडी, दहावीचं वर्ष. ती उभ्यानेच ऐकत होती. माझं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आईने तुमचं बंद केलं, म्हणून तुम्ही माझं केलंत?" आणि उत्तराची वाट न बघता वर निघून गेली.

आठ-दहा दिवस ती खाली आली नाही. रविवारी भाऊजी एकटेच नाश्त्याला आले, तिचं डोकं दुखतंय म्हणाले. ह्यांनी मला काय झालं विचारलं. तेव्हा मी ह्यांनाही सांगितलं, सायखेड्यापासून सगळं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

त्याच्या पुढच्या शनिवारी ती आली. बसली नाही. "मी ह्यांना सांगितलंय की ताई माझ्यासोबत असतील, त्यांना पाण्याचं कळतं. उद्या साडेपाचला तयार राहा. साडी नको."

पहाटे पाण्यावर वारा नव्हता. आम्ही दोघींनी पंप मारून होडी फुगवली. मी मागे बसले, ती पुढे. दोन पात्यांचं वल्हं मी आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या पाच-सहा ओढी वाकड्या गेल्या. मग खांद्यांना आपोआप सुचलं. हात सोडून दिले आणि कमरेतून वळत गेले, तशी होडी सरळ रेघेत निघाली. काठावरचा मळा मागे पडला. पाण्यात उभे राहिलेले वाळके बुंधे एकेक करून बाजूने सरकत गेले. मी किती वेळ वल्हवत होते कोण जाणे. माझं तोंड खारट झालं तेव्हा कळलं की मी रडतेय.

जावेने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं. मागे न बघता ती म्हणाली, "इतके दिवस मी गोल फिरत होते आणि तुम्ही झाडाखाली बसून बघत होतात."

"हो."

"मजा वाटत होती?"

"वाटत होती."

काठ जवळ आल्यावर ती म्हणाली, "आता मला शिकवा. पण हातचं राखून नाही."

मी शिकवलं. वल्ह्याची बाजू कोणती, ते पहिल्याच दिवशी दाखवलं. जाताना वाऱ्याच्या तोंडी जायचं म्हणजे दमल्यावर येणं सोपं पडतं, हेही सांगितलं. पण वल्हं मागच्या बाजूला नुसतं टेकवून चालती होडी न थांबवता कशी वळवायची, ते मात्र मी महिनाभर सांगितलं नाही. माझ्यापाशी काहीतरी असावं असं वाटत होतं. एका रविवारी तिने ते स्वतःच शोधून काढलं आणि आनंदाने ओरडून मला दाखवलं. मी म्हटलं, "छान. असंच करतात."

आता ती माझ्यापेक्षा जोरात जाते. तिचे खांदे अडतिशीचे, माझा उजवा खांदा थंडीत धरतो. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा एकटी पार पलीकडच्या तीरापर्यंत गेली. मी काठावर उभी राहून तिचा ठिपका होताना बघितला. तासाभराने परत आली तेव्हा तिच्या पायाशी ओल्या हरभऱ्याचे डहाळे होते. पलीकडे कोणाचं तरी घर आणि खळं होतं, त्या घरच्या बाईने तिला बसवून चहा दिला आणि निघताना हे डहाळे हातात ठेवले.

घरी येताना गाडी तीच चालवत होती. त्या बाईचं घर कसं होतं, कुत्रं कसं भुंकलं, पलीकडून धरण किती वेगळं दिसतं, हे ती रंगवून सांगत होती. मी मांडीवर डहाळे घेऊन घाटे सोलत होते.

"पुढच्या रविवारी तुम्ही जा," ती म्हणाली. "मी काठावर थांबते."

मी हो म्हटलं. जाणारही आहे. पण तिथे आधी ती जाऊन आली होती, आणि काही केल्या हे माझ्या मनातून जाईना.