एकोणिसावी ओळ

मला लिहायची सवय नाही. बसवंतचं नीट मांडता येईल की नाही, शंकाच आहे.

देगलूरच्या शाळेत आम्ही चौतीस वर्षं एकत्र काढली. मी मराठी शिकवायचो, तो गणित. आठवीच्या पोरांना कंस सोडवायला शिकवता शिकवता त्याचे केस पिकले. निवृत्तीनंतर तो क्वांटमच्या, म्हणजे अणूच्या आतल्या जगाच्या गणिताच्या, नादी लागला. ओसरीत बसून तासन्‌तास कुठंतरी बघत राहायचा. कमलम्मावहिनी चहा ठेवून जायच्या, त्यावर साय धरायची.

एकदा त्यानं मला समजावलं. "हे बघ, रेणुकादास. इलेक्ट्रॉन वर तोंड करून हाय, हे खरं. तो डावीकडं किंवा उजवीकडं तोंड करून हाय, हेही खरं. पण 'वर आणि डावीकडं' म्हणलास की खोटं. 'वर आणि उजवीकडं', तेही खोटं."

"मग त्याचं तोंड हाय तरी कुठं?"

"तुझ्या व्याकरणात न्हाई मावत ते."

म्हणजे तिथं 'आणि' आत नेऊन 'किंवा'चा कंस सोडवता येत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून त्या जगाचं बरंच गणित उभं करता येतं, हे सिद्ध करायला त्यानं अकरा वर्षं घातली. शेवटी विष्णुपुरीच्या एका कॉलेजातून ते मांडायला बोलावणं आलं.

आम्ही लवकर पोचलो आणि धरणाच्या कडेला बसलो. पाणी इतकं स्थिर होतं की आभाळ कुठं संपतं ते कळेना. तो सिद्धता वाचत होता, मी तंद्रीत ऐकत होतो. एकोणिसाव्या ओळीला मी भीतभीत विचारलं, "इथं कंस सोडवलास का रे?"

"मराठीवाल्यानं झोपावं," तो हसत म्हणाला.

मग त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. ती ओळ बोटानं दोनदा गिरवली.

"हातानं सोडवला," शेवटी म्हणाला. "डोक्यानं न्हाई."

"परत जायचं का?"

"बोलवलंय त्यांनी. जे हाय ते सांगू."

वर्गात त्यानं एकोणीस ओळी फळ्यावर लिहिल्या आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारली. "इथं मी चुकलो. पोरांना शिकवायच्या सवयीनं कंस सोडवला. ह्याच्या पुढची सात वर्षं वाया गेली."

देविका नावाच्या तरुण प्राध्यापिका पुढच्या बाकावर होत्या. "सर, वरच्या अठरा ओळी बरोबर आहेत ना?"

"त्या हायेत."

"मग एकोणिसावी कंस न सोडवता लिहा. बघू कुठं जाते."

त्यानं ती ओळ पुसली आणि खडू धरून उभा राहिला. खिडकीतल्या उजेडात खडूची भुकटी तरंगत होती. कुणी घाई केली नाही. मग त्यानं डावा कंस काढला, आत 'किंवा'नं जोडलेली दोन अक्षरं लिहिली, उजवा कंस काढला, आणि बाजूला सरकून आमच्यासारखाच त्या न सोडवलेल्या कंसाकडं बघत राहिला.