लॉनमधल्या आबांच्या ओळी

जळगावच्या उन्हात अंगणात लॉन लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. कंपनीच्या सहलीत आम्ही समुद्रकाठी गेलो होतो. तिथल्या हॉटेलसमोरचं गवत बघून चपला काढून चालावंसं वाटलं. तिथला माळी म्हणाला, इथं हवेतच ओल असते, गवताला फार काही करावं लागत नाही. आमच्याकडच्या हवेत धूळ असते. पण मी हट्टी माणूस. ठिबकच्या नळ्यांच्या कंपनीत कितीतरी वर्षं नोकरी केली, पाणी कधी आणि किती द्यायचं हे गावोगाव शिकवत फिरलो. मला माझ्या अंगणात एवढंसं गवत जगवता येऊ नये?

नशिराबादजवळच्या एका नर्सरीतून गवताचे तयार तुकडे आणले आणि अंगणभर अंथरले. उजाडायच्या आत पाणी, ऊन उतरल्यावर पुन्हा पाणी, दुपारी वर हिरवी जाळी. मधूनच मोथ्याचं तण डोकं काढायचं, ते मी चिमटीनं उपटायचो. कोणी त्यावरून चालत गेलं की माझा जीव वरखाली व्हायचा. बायको म्हणायची, एवढी काळजी माझी घेतली असती तर! ती चेष्टेत म्हणायची, पण खोटं नव्हतं.

त्याच वर्षी आई गेली आणि मी वडिलांना, म्हणजे आबांना, पारोळ्याकडच्या आमच्या गावाहून जळगावला आणलं. शेत धाकटा भाऊ बघत होता. आबांचे गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. पिशवीत दोन धोतरं, दोन सदरे आणि फडक्यात गुंडाळलेलं त्यांचं खुरपं. खुरपं कशाला आणलं, असं मी विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून माझं पाणी घालणं बघत बसले. मग हसून म्हणाले, "गवत काढता काढता मना जनम गया, आनि तू त्याले पानी दी राहिना?" मीही हसलो. हे गवत मी मुद्दाम लावलंय हे त्यांना खरंच वाटलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांचे हात शिवशिवायचे. बायकोनं मेथी निवडायला दिली की पानन् पान निवडून घटकाभरात परत यायचे. मला दोनदा विचारलं, "काही काम शे का?" मी म्हटलं, आबा, खूप केलंत, आता आराम करा. मोठ्या मनानं म्हटल्यासारखं म्हटलं. साठ वर्षं पहाटे उठून शेतात गेलेल्या माणसाला मी खुर्चीत बसवून ठेवलं होतं आणि वर स्वतःला चांगला मुलगा समजत होतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन थोडे दिवस झाले होते. संध्याकाळी कामावरून आलो, तर आबा फाटकाशी उभे. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, चेहरा असा फुललेला, की आई गेल्यानंतर मी तो तसा पाहिलाच नव्हता.

"दख भाऊ, अर्धं नींदी टाकं. कितलं माजेल व्हतं!"

अर्धं लॉन साफ झालं होतं. माती भुसभुशीत करून सारखी केलेली, उपटलेल्या गवताचे छोटे ढीग भिंतीच्या कडेनं रांगेत. इतकी सुरेख निंदणी मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आबा मला भाऊ म्हणायचे आणि मी त्यांच्याशी जन्मभर अहिराणीत बोललो. त्या दिवशी तोंडातून ऑफिसातली मराठी बाहेर पडली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? कळत नाही तर हात कशाला लावता? इथं राहायचं असेल तर एका जागी बसून राहा."

गल्लीतल्या दोन दारांत माणसं आली. आबांनी हात धोतराला पुसले. म्हणाले, "माले समजनं नही भाऊ." एवढंच. आत जाऊन बसले, जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आलो, तेव्हा ते मोकळ्या जमिनीवर उकिडवे बसले होते. उपटलेलं गवत त्यांनी ओल्या गोणपाटाखाली जपून ठेवलं होतं. त्यातला एकेक झुपका सोडवून ते कांद्याची रोपं लावावीत तसा लावत होते. सरळ ओळी, दोन झुपक्यांत वीतभर अंतर. बायको म्हणाली, सकाळपासून बसलेत, उन्हात नका म्हटलं तरी ऐकत नाहीत. मला पाहताच आबा गडबडीनं उठले. खुरपं त्यांनी पाठीमागे धरलं होतं. शेवटची ओळ भिंतीपाशी अर्धी राहिली.

तिथं मी बोलायला हवं होतं. चुकलं आबा, इतकंच. पण मी म्हणालो, "पाणी घातलं का?"

"घातलं," ते म्हणाले.

आठ दिवसांनी त्यांनीच विषय काढला, "माले गावले सोडी दे." मी नाही म्हटलं नाही. रविवारी गाडीनं सोडलं. दारात उतरल्यावर ते म्हणाले, "पानी देत ऱ्हाय. लागी जाई." ते गवताबद्दल बोलत होते.

पोळ्याला जाऊन त्यांच्यासमोर बसायचं आणि बोलायचं असं ठरवलं होतं. ऑफिसात काम निघालं, म्हटलं दसऱ्याला जाऊ. दसऱ्याच्या आधीच, कापूस वेचणी सुरू होती तेव्हा, भावाचा फोन आला. आबा बांधावर बसल्या बसल्या गेले होते.

तेराव्यानंतर भावानं खुरपं माझ्या हातात दिलं. म्हणाला, तुझ्याकडून आल्यावर त्यांनी हे हातात धरलं नाही.

आबांचं गवत लागलं. एकूण एक झुपका जगला. नर्सरीवाला बघायला आला तेव्हा म्हणाला, कोणी लावलंय हो, हात चांगला आहे. सुरुवातीला ओळी स्पष्ट दिसायच्या आणि पाहुणे हसायचे, की हे लॉन आहे की कांद्याचा वाफा. मग गवत पसरलं, ओळी एकमेकींत मिसळल्या. मला हवं होतं तसं अंगण एकसारखं हिरवं झालं. आता मी वाकून, हातानं पाती बाजूला करून बघतो, पण ओळ सापडत नाही.

फक्त भिंतीपाशी, जिथं ते मला पाहून उठले, तिथं हातभर जागा मोकळी राहिली आहे. गवत तिकडेही सरकत असतं. म्हणून दर रविवारी मी त्यांचं खुरपं घेऊन तिथं उकिडवा बसतो आणि आत आलेलं गवत निंदून काढतो.