ताजबींचा प्रश्न
गुरुवारी दुपारी समाधान गुरव कॉलेजपाशी पोचला, तेव्हा दाराला कुलूप होतं.

रास अल खैमातलं हे कॉलेज म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरचा मजला. नोकरी करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा डिप्लोमा. समाधान टाइल्सच्या कारखान्यात सात वर्षं भट्टीवर होता. त्याच्या हातांवरचे केस जळून गेले होते आणि पुन्हा उगवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. भट्टीपलीकडे काचेमागे लॅब होती. तिथं पांढऱ्या कोटातली माणसं थंड हवेत टाइल्स तपासत उभी असत. पहिलं वर्ष पास झालास तर तिकडे घेतो, असं मॅनेजर म्हणाला होता. आज गणिताची परीक्षा. चुकली तर कॉलेजातून नाव कटणार.

सावलीत बसलेले वॉचमन अलीमियाँ म्हणाले, "आज छुट्टी है भाई. इम्तिहान तो कल हो गया."

कारखान्याला सुट्टी फक्त शुक्रवारची, कॉलेजला गुरुवार-शुक्रवारची. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी परीक्षा, असं गणिताच्या शोभना मॅडमनी सांगितलं होतं, आणि समाधानचा आठवडा सात वर्षं गुरुवारीच संपत होता. त्याचे वर्ग रविवार-मंगळवारी. गुरुवारी इथं कुलूप असतं, हे बघायची वेळच आली नव्हती. "समजलं ना?" असं मॅडमनी विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच "येस मॅडम" म्हणाला होता. भट्टीवर 'नाही समजलं' म्हणणाऱ्याला दोन दिवस सगळ्यांचं हसू सोसावं लागतं. तिथली सवय वर्गातही आली होती.

तो चालत ताजबींच्या दवाखान्यात गेला. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला कॉलेज दुसऱ्या वर्षाचा एक सोबती नेमून देई. त्याच्या वाट्याला ताजबी आल्या होत्या. खेडच्या, बेचाळीस वर्षांच्या, रिसेप्शनवर कामाला. नवरा गेल्यावर अडतिसाव्या वर्षी त्या दहावी झाल्या होत्या. घरी दोन मुली इंग्रजीत भांडत आणि त्या मराठीत भांडण मिटवत. दर मंगळवारी खालच्या कॅफेटेरियात त्या समाधानला तासभर गणित सांगत, वर स्वतःच्या डब्यातली भाकरीही देत. पहिल्या दिवशी त्याला लाज वाटली होती. आता मंगळवार हा त्याला आठवड्यातला एकच मऊ दिवस वाटे.

"आपा, खलास. मी कॉलेज सोडतो."

"आधी बस. पाणी पी." सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आणि मी विचारलं होतं ना, परीक्षा कधी ते ठाऊक आहे का?"

"हो म्हणालो."

"भागाकार समजला का, विचारलं होतं."

"तेव्हाही हो म्हणालो."

ताजबी रागावल्या नाहीत. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मग मीच खुळी. हो म्हणणाऱ्याला तीन महिने तोच प्रश्न विचारत बसले!"

शनिवारी अर्धी रजा टाकून त्या त्याच्याबरोबर शोभना मॅडमकडे गेल्या. मॅडम पुण्याच्या, नियमाला पक्क्या. "मॅडम, चूक माझी आहे," ताजबींनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा. त्याला बोलू द्या."

समाधाननं ताजबींकडे पाहिलं. त्यांनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

त्याला भट्टीवरचा पाळीबदल आठवला. जाणारा माणूस भट्टीचा हाल सांगतो. येणारा तोच आपल्या तोंडानं परत सांगतो. ते ऐकल्याशिवाय जाणारा जागचा हलत नाही. तिथं नुसतं हो चालत नाही. हो म्हणून विसरलं तर आतला सगळा माल तडकतो.

तो भट्टीच्या पॅनेलसमोर उभा राहतो तसा ताठ उभा राहिला. "माझा आठवडा गुरुवारी संपतो, कॉलेजचा बुधवारी. मी विचारलं नाही. अपूर्णांकाचा भागाकार मला येत नाही. येतो म्हणालो, ते खोटं होतं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला. "उद्या चार वाजता. नवा पेपर काढते. काय सांगितलं मी?"

"उद्या रविवार, चार वाजता, नवा पेपर."

जिन्यात त्यानं ताजबींना पाळीबदलाची रीत सांगितली. त्या तिथंच थबकल्या. "आणि हे तू मला आज सांगतोस? बस इथं. भागाकार मी एकदा सांगते. मग तू मला सांगायचा. अडशील तिथून पुन्हा."

तो चौदा वेळा अडला. पंधराव्यांदा तो अडला नाही, तेव्हा ताजबी म्हणाल्या, "यल्ला, चल, आता घरी जा."

त्याला त्रेचाळीस मार्क पडले, पासापुरते. वर्षअखेर तो काचेपलीकडे गेला. पहिल्या दिवशी थंडीनं त्याचे दात वाजले आणि आपण कुणाच्या पुण्याईनं इथं उभे आहोत हे आठवून डोळे भरले. तोवर ताजबी डिप्लोमा घेऊन मुलींसह शारजाला गेल्या होत्या. त्या निघण्याआधी आभार मानायला तो पेढे घेऊन गेला होता, तर "अरे, मी काय केलं? नुसता प्रश्न बदलला," म्हणून त्यांनी निम्मे पेढे परत बांधून दिले होते.

दुसऱ्या वर्षी त्याच्या वाट्याला लियाकत आला, बंदरावरचा क्रेनवाला, वयानं त्याच्याहून मोठा. पहिल्याच मंगळवारी मान डोलावून म्हणाला, "समझ गया, भाई, सब समझ गया."

समाधाननं डब्यातली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली.

"अच्छा," समाधान म्हणाला. "अब आप मुझे समझाओ."